अर्धा मायक्रोलिटर: औषधाचा छोटा पंप घडवताना

बऱ्याच इन्शुलिन पंपांत एका वेळी देता येणारी सगळ्यात बारीक मात्रा ०.०५ युनिट असते. नेहमीच्या यू-१०० इन्शुलिनमध्ये १ मिलिलिटरला १०० युनिट, म्हणजे १ युनिटला १० मायक्रोलिटर. या हिशोबाने ०.०५ युनिट म्हणजे अर्धा मायक्रोलिटर. सुईच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंबसुद्धा याच्या वीसएक पट मोठा असतो. हा अर्धा मायक्रोलिटर हवा तेव्हा, हवा तेवढाच द्यायचा आणि बाकीच्या वेळी काहीही द्यायचं नाही, हे काम नीट करणारा पंप घडवणाऱ्या टीममध्ये मी गेली काही वर्षं आहे.

मी मेकॅनिकलची. त्याआधी पाण्याच्या मोठ्या सेंट्रीफ्युगल पंपांवर काम केलं होतं. तिथे सगळी चर्चा एफिशियन्सीची. सेकंदाला कित्येक लिटर पाणी जात असताना सीलमधून थेंबभर गळलं तर ते कोणी मोजतही नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा बदलावी लागली ती हीच सवय. या मापाला आलं की दुर्लक्ष करण्याजोगं काही उरतच नाही. हवेचा बुडबुडा, खोलीचं तापमान, नळीचा लवचिकपणा, बाष्पीभवन, धुळीचा कण यांतली प्रत्येक गोष्ट डोसाएवढी, नाहीतर डोसाहून मोठी. पुढे जे काही लिहिते आहे ते सगळं या एकाच गोष्टीतून आलेलं आहे.

डिझाइन सुरू करण्याआधी पंप वापरणाऱ्या लोकांशी बोलायचं, असा आमच्याकडे नियम आहे. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेचं आयईसी ६२३६६ हे मानक तसं मागतंच, पण आमच्या प्रमुखांचा आग्रह त्याहून जास्त होता. टाइप-१ मधुमेह असलेल्या एका छोट्या मुलाची आई भेटली. त्याला रात्री तासाला जेमतेम ०.१ युनिट इन्शुलिन लागायचं. पंप किती लहान हवा, वजन किती चालेल, असले प्रश्न आम्ही लिहून नेले होते. तिने ते पटापट उरकले आणि म्हणाली, "मॅडम, स्क्रीनवर लिहिलेलं असतं, इतकं इन्शुलिन दिलं. पण ते खरंच आत गेलं की नाही, हे त्याला माहीत असतं का?" प्रामाणिक उत्तर होतं, बहुतेक वेळा नाही. मोटर किती फिरली हे पंपाला माहीत असतं. औषध किती गेलं, हा त्यावरून काढलेला अंदाज असतो. त्या दिवशी आमच्या गरजांच्या यादीत "पंपाने दिलेलं औषध स्वतः तपासलं पाहिजे" ही ओळ आली आणि पुढे कितीही काटछाट झाली तरी ती ओळ कोणी खोडली नाही.

मग प्रश्न आला, ढकलायचं कसं? बाजारातले बहुतेक इन्शुलिन पंप मुळात सिरिंजच असतात: मोटर, स्क्रू, दट्ट्या. ही पद्धत चांगली मुरलेली आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण ९ मिलिमीटर व्यासाच्या काडतुसात अर्धा मायक्रोलिटर सरकवायचा तर दट्ट्या फक्त ८ मायक्रॉन पुढे जायला हवा. रबरी दट्ट्या काचेला चिकटून बसतो. स्क्रू ढकलत राहतो, रबर आधी दबतं, बराच वेळ काही होत नाही आणि मग दट्ट्या एकदम सुटतो. दिवसभराची बेरीज बरोबर येते, पण त्या त्या घडीला मिळालेला डोस बरोबर असेलच असं नाही. तासाला १० मायक्रोलिटर घेणाऱ्या मोठ्या माणसाला हे खपून जातं. तासाला १ मायक्रोलिटर घेणाऱ्या मुलाला नाही.

बाकीचे पर्याय आम्ही एकेक करून तपासले. ऑस्मोसिसवर चालणारे पंप दिसायला अतिशय साधे, पण त्यांचा वेग कारखान्यातच ठरतो, जेवणाप्रमाणे डोस बदलता येत नाही. तापवून फुगवणाऱ्या पद्धतीत उष्णता औषधाजवळ जाते आणि इन्शुलिन हे प्रथिन असल्यामुळे तिथेच पूर्णविराम. विद्युतक्षेत्राने द्रव ओढणाऱ्या पद्धतीत प्रवाह द्रवातल्या क्षारांवर आणि आम्लतेवर अवलंबून, म्हणजे औषध बदललं की पंपही बदलला. निकेल-टायटॅनियमच्या आकार लक्षात ठेवणाऱ्या तारेवर चालणारे, अंगाला चिकटवायचे पॅच पंप मात्र मला मनापासून आवडतात. तार तापली की आखडते, रॅचेट एक दात पुढे जातो आणि औषधाला ऊब लागत नाही. पण शेवटी तीसुद्धा दट्ट्याच ढकलते.

राहिला पडद्याचा पंप. पातळ पडद्यावर पायझो सिरॅमिकची चकती चिकटवायची, व्होल्टेज दिलं की चकती आखडते-पसरते आणि पडदा वाकतो. पडदा वर गेला की आतली झडप उघडून औषध कोठीत येतं, खाली आला की बाहेरची झडप उघडून ते पुढे जातं. कल्पना जुनी आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात हाराल्ड व्हान लिन्टेल आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनमध्ये कोरलेला असा पंप १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी यान स्मिट्स यांनी ओळीने दाबल्या जाणाऱ्या पडद्यांचा पंप याच कामासाठी, म्हणजे इन्शुलिनसाठीच, मांडला होता. त्या पिढीचं काम वाचताना आजही वाटतं की आमच्या पुढचे निम्मे प्रश्न त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

१९९३ मध्ये स्वीडनच्या एरिक आणि योरान स्टेम्मे यांनी एक सुंदर कल्पना मांडली: झडपाच नकोत. दोन्ही तोंडांना निमुळत्या वाटा ठेवायच्या. रुंदावत जाणाऱ्या दिशेने द्रव जरा सहज जातो, उलट दिशेने जरा जड, आणि या फरकावर पंप चालतो. हलणारा भाग फक्त पडदा, अडकायला-झिजायला काही नाही. आमच्या टीममधले तरुण या पर्यायाच्या प्रेमात पडले आणि मलाही तो मोह होता. पण पंप बंद केला की ही वाट दोन्ही बाजूंनी उघडीच. औषधाची पिशवी सुईच्या टोकापेक्षा १० सेंटिमीटर वर असली की पाण्याच्या तेवढ्या उंचीचा, सुमारे १ किलोपास्कलचा दाब औषधाला आपोआप खाली ढकलत राहतो. माणूस कूस बदलला की डोस बदलला. चिप थंड ठेवण्यासाठी पाणी फिरवायचं असेल तर या पंपासारखा पंप नाही. औषधासाठी एकटा तो चालणार नाही.

इथे आकड्यांनी आमचे डोळे उघडले. आमच्या पडद्याचा व्यास १० मिलिमीटर, मध्यभागी हालचाल ५ मायक्रॉन. कडेला घट्ट धरलेला पडदा वाकला की मधल्या हालचालीच्या साधारण एक तृतीयांश एवढं सरासरी विस्थापन मिळतं, म्हणजे एका स्ट्रोकला सुमारे १२५ नॅनोलिटर. चार स्ट्रोक झाले की ०.०५ युनिट. तासाला १ मायक्रोलिटर द्यायचा तर तासाला फक्त ८ स्ट्रोक. एका स्ट्रोकला सेकंदही लागत नाही. म्हणजे तासातली जवळजवळ सगळी मिनिटं हा पंप नुसता थांबलेला असतो, आणि त्याच्या आयुष्याचं खरं काम म्हणजे बंद राहणं. मिनिटाला १ नॅनोलिटर एवढी गळती धरली तर तासाला ६० नॅनोलिटर होतात, म्हणजे डोसाच्या ६ टक्के. १ नॅनोलिटर म्हणजे दहा लाखांनी गुणल्यावर १ मिलिलिटर होणारं माप, हे लक्षात घेतलं म्हणजे झडप किती घट्ट हवी ते कळतं.

म्हणून झडप अशी केली की ती विश्रांतीच्या वेळी बैठकीवर दाबून बसलेलीच राहील. बैठकीची कड जरा उंच कोरायची, झडपेची पात तिच्यावर वाकून बसते आणि १० किलोपास्कल, म्हणजे सुमारे १ मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब आल्याशिवाय उघडत नाही. अशा दोन झडपा एकामागे एक. शिवाय औषधाची पिशवी अशी ठेवली की तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमीच राहील, म्हणजे काही गळलंच तर बाहेर जाण्याऐवजी आत ओढलं जाईल.

आता बुडबुड्याकडे येते. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातला सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. कोठीत हवा शिरली की पडदा खाली येतो, हवा जराशी आखडते, झडप उघडण्याएवढा दाब तयारच होत नाही आणि पंप जागच्या जागी श्वास घेत राहतो. पायझोच्या दृष्टीने स्ट्रोक झाला, औषधाच्या दृष्टीने काहीच झालं नाही. १०० मायक्रॉनच्या छिद्रातून पाण्याचा पृष्ठभाग ढकलायलाच सुमारे ३ किलोपास्कल लागतात. वातावरणाचा दाब १०० किलोपास्कलच्या आसपास. तेव्हा कोठी पूर्ण हवेने भरली तरी पंप चालायला हवा असेल तर स्ट्रोकचं आकारमान कोठीतल्या एकूण जागेच्या निदान ३ टक्के पाहिजे. आमची कोठी ३० मायक्रॉन खोल होती आणि प्रमाण ५ टक्क्यांच्या जरा वर भरत होतं. म्हणजे जमलं, असं वाटलं.

पण झडप घट्ट केल्यावर तिला उघडायला लागणारे १० किलोपास्कल त्या ३ मध्ये मिळवावे लागले. गरज ३ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेली. गळती थांबवणारा उपाय बुडबुड्याला वाट करून देत होता. दोन्ही हवं असेल तर कोठीतली फुकट जागा कमी करण्याला पर्याय नव्हता. खोली कमी करत करत आम्ही ८ मायक्रॉनवर आलो. झडपांभोवतीची जागा धरूनही प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास गेलं. उथळ फटीतून द्रव जायचा अडथळा खोली कमी होईल तसा तिच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३० वरून ८ वर येताना तो पन्नासेक पट झाला. मोठ्या पंपांच्या दुनियेत असा बदल सुचवणाऱ्याला कोणी बैठकीत बसू दिलं नसतं. इथे मात्र पुढचा स्ट्रोक सात-साडेसात मिनिटांनी आहे, एक स्ट्रोक थोडा सावकाश झाला तर कोणाचं काही बिघडत नाही.

खोली कमी केल्याचा एक फायदा आम्ही मुद्दाम पदरात पाडून घेतला. पायझो चकतीत १०-१५ टक्क्यांचा हिस्टेरेसिस असतो, म्हणजे तेवढंच व्होल्टेज दिलं तरी पडदा कुठून येतो आहे यावर त्याची जागा बदलते. वयाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणेही ती बदलते. तेव्हा पडद्याला वर आणि खाली दोन्हीकडे अडसर दिले. कोठीच्या तळाला बारीक उंचवटे ठेवले, पडदा त्यांच्यावर येऊन टेकतो, व्होल्टेज थोडं जास्त द्यायचं म्हणजे तो नक्की टेकतो. आता स्ट्रोकचं आकारमान व्होल्टेज ठरवत नाही, कोरलेली खोली ठरवते. या संपूर्ण डिझाइनमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

बुडबुडे येतात कुठून, याचं उत्तर आधी आम्हाला प्रयोगशाळेत दिसतच नव्हतं, कारण तिथे सगळे जण हवा काढून टाकलेलं पाणी वापरतात. प्रत्यक्षात इन्शुलिन फ्रीजमधून, २ ते ८ अंशांतून येतं आणि अंगाजवळ ३० अंशांच्या वर जातं. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते, पाणी तापलं की ती बाहेर पडते. हिशोब केला तर २ मिलिलिटरच्या पिशवीतून १५ ते २० मायक्रोलिटर हवा सुटू शकते, म्हणजे दीड-दोन युनिटांची जागा, कोणी काहीही केलेलं नसताना. म्हणून पिशवीच्या तोंडाशी पाणी धरणारी बारीक छिद्रांची जाळी बसवली. एकदा भिजली की तिच्यातून द्रव जातो, हवा मागे राहते. हीच जाळी कणही अडवते, आणि ८ मायक्रॉनच्या कोठीसाठी ते तितकंच गरजेचं होतं.

कणांबद्दल जरा थांबून सांगते, कारण ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. एका तुकडीतला एक नमुना गळत होता. बाकीचे सगळे ठीक, हा एकच मिनिटाला कित्येक नॅनोलिटर मागे सोडत होता. चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सिलिकॉनची बैठक आरशासारखी गुळगुळीत, करड्या-निळ्या रंगाची गोल कड, आणि त्या कडेवर आडवा पडलेला एक पारदर्शक तंतू. फोकस वरखाली केला की तो कधी दिसायचा, कधी नाहीसा व्हायचा. जाडी पाच मायक्रॉनच्या आसपास, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. पात त्याच्या एका बाजूला टेकलेली आणि दुसऱ्या बाजूला उचललेली, त्यामुळे तिथे प्रकाशाचे रंगीत पट्टे पडले होते, पावसात सांडलेल्या तेलावर दिसतात तसे. तंतू बहुधा पुसायच्या कापडाचा. फटीतून जाणारा प्रवाहही उंचीच्या घनानेच वाढतो. आमच्या मापांच्या झडपेची कड सगळीकडून फक्त अडीच मायक्रॉन उचललेली राहिली आणि तिच्यावर १० सेंटिमीटर पाण्याचा दाब आला, तर तासाला २५० मायक्रोलिटरहून जास्त औषध जाऊ शकतं. म्हणजे २५ युनिटांच्या वर. एवढं इन्शुलिन लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. दोन झडपा आणि पिशवीतला कमी दाब ही चैन नाही, हे त्या दिवसानंतर टीममध्ये कोणाला पटवून द्यावं लागलं नाही. जुळणीच्या खोलीतलं कापड बदललं, चिपा जोडण्याआधीची धुलाई बदलली आणि प्रत्येक चिपेची गळती तपासल्याशिवाय ती पुढे जाऊ द्यायची नाही असं ठरलं.

पंप तयार झाला, आता तो किती देतो ते मोजायचं. सोपं वाटतं: बाहेर येणारं पाणी तराजूवर घ्यायचं. इन्फ्युजन पंपांच्या आयईसी ६०६०१-२-२४ या मानकात हीच पद्धत आहे. २, ५, ११, १९ आणि ३१ मिनिटांच्या खिडक्या घेऊन प्रत्येक खिडकीत जास्तीत जास्त आणि कमीत कमी चूक किती ते काढायचं. छोट्या खिडकीत चूक मोठी, लांब खिडकीत ती आवळत जाते आणि आलेख तुतारीच्या तोंडासारखा दिसतो. पण आमचा पंप तासाला १ मिलिग्रॅम पाणी देणार, आणि भांड्यातलं एक चौरस सेंटिमीटर उघडं पाणी तेवढ्याच वेळात त्याच्या कित्येक पट उडून जाणार. पहिल्या चाचण्यांत तराजू सांगत होता की पंप उलटा चालतो आहे. मग पाण्यावर तेलाचा थर दिला, सुईचं टोक तेलाखाली पाण्यात बुडवलं, बुडलेल्या सुईमुळे वजनात येणारा फरक वजा केला, शेजारी पंप न जोडलेलं तसंच भांडं ठेवून त्याचं वजन किती सरकतं ते पाहिलं. दार उघडलं, एसी सुरू झाला, कोणी टेबलाला टेकलं, सगळं त्या आलेखात उमटायचं.

तराजूवर भरवसा बसावा म्हणून आम्ही एक दुसरी पद्धत उभी केली आणि माझा जीव त्याच पद्धतीवर जडला. अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या व्यासाची काचेची केशनळी आडवी ठेवायची, मागे मोजपट्टी, वर कॅमेरा. १२५ नॅनोलिटर त्या नळीत गेले की पाण्याची कड सुमारे ०.६ मिलिमीटर पुढे सरकते. साध्या डोळ्यांनी दिसतं. टिक असा अगदी बारीक आवाज येतो आणि कड पुढे उडी मारते. मग सात-साडेसात मिनिटं ती हललीच नाही पाहिजे. आम्ही खरं तर उडीपेक्षा त्या मधल्या वेळेकडेच जास्त बघत बसायचो. कड मागे सरकली तर झडप गळते, पुढे रेंगाळली तर नळीचं प्लॅस्टिक हळूहळू सैल होतं आहे.

पाण्यावर सगळं जमलं म्हणजे अर्धं काम झालं. इन्शुलिन पाणी नाही. पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागाला, हवेला आणि हलण्याला सामोरं गेलं की त्याचे रेणू उलगडतात आणि एकमेकांना चिकटून तंतू बनतात, आणि ऊब मिळाली की हे आणखी जोरात होतं. असा साका १०० मायक्रॉनच्या छिद्रात बसला की पुढचं सांगायला नको. बुडबुडा इथेही आडवा येतो, कारण हवा आणि द्रव यांची सीमा हीच इन्शुलिनला नकोशी जागा. त्यातून औषधात टिकाऊपणासाठी घातलेले मेटाक्रेसॉल आणि फिनॉल सिलिकोन रबरात शोषले जातात. प्रयोगशाळांत सगळ्यांचं आवडतं पीडीएमएस हे असंच सिलिकोन रबर, पटकन ओतता येतं, पारदर्शक असतं, पण ते ही द्रव्यं पिऊन टाकतं आणि पाण्याची वाफही बाहेर सोडतं. आमच्या सुरुवातीच्या नमुन्यांतला तो भाग काढावाच लागला. औषधाला टेकणाऱ्या प्रत्येक पदार्थाची जैव-सुसंगतता आयएसओ १०९९३ प्रमाणे तपासायची ती वेगळीच. तरीही मला वाटतं, पदार्थाने माणसाला काय केलं याइतकंच त्याने औषधाला काय केलं याकडे सुरुवातीपासून बघायला हवं. फॉर्म्युलेशनचा माणूस पहिल्या बैठकीपासून सोबत असेल तर कितीतरी महिने वाचतात.

निर्जंतुकीकरण, बॅटरी, सॉफ्टवेअर यांवर थोडक्यात लिहिते, कारण तिथे रस्ता मळलेला आहे. गॅमा किरणांनी इलेक्ट्रॉनिक्स बिघडतं, १२१ अंशांच्या वाफेने गोंद सुटतो, म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू, आणि तो वायू पूर्ण निघून गेला याची खात्री. ३ व्होल्टच्या सेलवरून पायझोला शंभरेक व्होल्ट चढवून द्यायचे. सॉफ्टवेअर आयईसी ६२३०४ मधल्या क वर्गाचं, म्हणजे चुकलं तर जीव जाऊ शकतो अशा गटातलं, त्यामुळे प्रत्येक ओळीमागे चाचणी आणि प्रत्येक चाचणीमागे कागद. एक गोष्ट मात्र मला बोचते. पायझो सिरॅमिकच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. दर दोन-तीन दिवसांनी फेकायच्या पॅचमध्ये ते जाऊ नये म्हणून पायझो आणि इलेक्ट्रॉनिक्स टिकाऊ भागात आणि औषधाला टेकणारा भाग वेगळा, अशी विभागणी करता येईल का, यावर मी अजून भांडते आहे. जोड आला की जुळणीतली चूक आली, हा समोरच्यांचा मुद्दाही खोटा नाही.

आता त्या खोडल्या न गेलेल्या ओळीकडे. पंपाने स्वतः तपासायचं कसं? कोठीच्या भिंतीतच एक छोटा दाबमापक कोरला. प्रत्येक स्ट्रोकला तो दाबाची एक रेघ काढतो. निरोगी स्ट्रोकची रेघ झपकन वर जाते आणि ठरलेल्या वेगाने उतरते. कोठीत हवा असेल तर शिखर बुटकं आणि गोल. झडप गळत असेल तर उतार घसरगुंडीसारखा, आणि दोन स्ट्रोकच्या मधली पातळीही सरकते. पुढे सुई तुंबली असेल तर रेघ उतरताना रेंगाळते आणि प्रत्येक स्ट्रोकला शिखर आधीपेक्षा थोडं वर जातं. मोटर किती फिरली यावरून केलेल्या अंदाजाच्या जागी द्रवाने स्वतः दिलेली साक्ष आली. तापमानाची दुरुस्ती मात्र करावी लागते. पाण्याचा दाटपणा दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे थंड खोलीतली निरोगी रेघ आणि पांघरुणाखालची निरोगी रेघ वेगळी दिसते.

सध्या आमचं सगळं लक्ष तुंबण्यावर आहे. नळी, सांधे, पिशवीचं तोंड हे सगळं दाबाखाली थोडं फुगतं. समजा किलोपास्कलला ०.२ मायक्रोलिटर. अलार्म ५० किलोपास्कलवर ठेवला तर तोपर्यंत १० मायक्रोलिटर औषध नळीतच साठणार. तासाला १० मायक्रोलिटर घेणाऱ्याला तासाभरात कळेल. तासाला १ मायक्रोलिटर घेणाऱ्या मुलाला दहा तास इन्शुलिन मिळणार नाही आणि पंप गप्प राहील. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्शुलिन असतं, अंगात दुसरा साठा नसतो, त्यामुळे काही तासांतच रक्तात कीटोन, म्हणजे इन्शुलिन नसलं की साठणारी घातक द्रव्यं, चढायला लागतात. आणि वळलेली सुई अचानक सरळ झाली तर साठलेला १ युनिट एकदम आत, जो त्या मुलाचा दहा तासांचा डोस आहे.

कोठीतल्या दाबमापकामुळे हे फार आधी दिसतं. एका स्ट्रोकला शिखर ०.६ किलोपास्कलने चढतं, चार-पाच स्ट्रोकमध्ये, म्हणजे अर्ध्या तासाच्या आसपास, कल ओळखता येतो. पण मूल पॅचवर झोपलं, पोट दाबलं गेलं, तरी तेवढाच फरक पडतो. उंबरठा खाली आणला तर रात्री खोटे अलार्म वाजणार, आई-वडील दमणार आणि शेवटी आवाज बंद करून टाकणार, जे तुंबण्याइतकंच धोक्याचं. वर नेला तर उशीर. सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, शिखरांचा कल आणि उताराचा वेग दोन्ही मिळून बघू, दबल्यावर शिखर चढतं पण उतार तितका बदलत नाही. माझं म्हणणं, त्याआधी नळीच काढून टाकू, सुई थेट चिपेखाली बसवू म्हणजे फुगायला जागाच राहणार नाही आणि ०.२ चा आकडा कितीतरी खाली येईल. दोन्ही नमुने बनायला गेले आहेत. पहिली तुलना तासाला १ मायक्रोलिटरवरच करायची, मोठ्या माणसाच्या वेगावर नाही, एवढं मात्र सगळ्यांनी मान्य केलं आहे.